नवरीचा ताप

नवरा सोडलेल्या बाईने नवरीच्या मेंदीच्या वाटीला हात लावू नये, असं आमच्या ख्रुमीरच्या डोंगरात मानतात. मीही मानते. न मानून जाणार कुठे? राहायचं भावाच्या घरात, खायचं वहिनीच्या हातचं, आणि वर तिच्याच मुलीच्या लग्नात नियम मोडायचे, एवढी काही मी खुळी नाही. म्हणून रिहाबच्या लग्नाच्या आठवड्यात मी आपणहून अंगणातल्या भट्टीपाशी मुक्काम ठोकला. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रोट्या भाजायच्या, कढया घासायच्या आणि नवरीच्या खोलीकडे फिरकायचं नाही.

रिहाब माझ्या भावाची, तिजानीची, थोरली. तिला मीच न्हाऊमाखू घातलंय, मीच चालायला शिकवलंय. तिचा होणारा नवरा लझहर माझ्या भावाच्याच टोळीत बुचाच्या झाडांची साल सोलायला जातो. मुलगा बरा. त्याची आई जाझिया, मानानं सगळे तिला लल्ला जाझिया म्हणतात, ती मात्र तोलून मापून घेणारी बाई. बाजारात टरबूज घेताना सगळी टरबुजं वाजवून बघते आणि शेवटी पहिलंच घेते. लग्न ठरल्यापासून माझी वहिनी मब्रूका तिच्या धाकानं अर्धी झाली होती. आमच्या पोरीत जाझियाला खोट दिसू नये, एवढंच तिच्या मनात.

नवरीनं लग्नाआधी घरात बसायचं, उन्हाचं तोंड बघायचं नाही. तरी एका सकाळी रिहाब तोंड धुवायला म्हणून अंगणात आली. भिंतीला धरून चालत होती.

"आत्या, ऊन किती टोचतंय गं डोळ्यांना," ती म्हणाली.

ऊन अजून झाडांच्या वर आलंच नव्हतं. मी पिठाच्या हातानं तिचं मनगट धरलं आणि सोडूनच दिलं. भट्टीतून नुकती काढलेली रोटी धरावी तसं.

"अगं, तुला ताप आहे!"

"असेल," ती म्हणाली आणि दगडावर टेकली. "डोकं दुखतंय. गुडघे पण. होतं ना असं?"

मी तशीच उठून वहिनीकडे गेले. मब्रूका हुंड्याच्या उशांना अभ्रे घालत होती. मी सांगितलं, तर तिनं आधी दार लावलं.

"हळू बोल! बाहेर जाझियाची भाची बसलीय."

"भाची बसू दे नाहीतर आजी बसू दे. पोर तापलीय."

"नजर लागलीय तिला," मब्रूका म्हणाली. "कोणाची ते मी बोलत नाही."

बोलली नाही, पण माझ्याकडे बघितलं. एका बघण्यात सगळं सांगून झालं. जिचं स्वतःचं मोडलं तिला दुसरीचं कसं बघवेल, हेच. आता मी "ताप आहे, ताप आहे" असं जितकं ओरडेन तितकं माझंच नाव पक्कं होणार होतं. मी परत भट्टीपाशी गेले. राग इतका आला होता की पहिल्या सगळ्या रोट्या करपल्या.

दुपारी मब्रूकानं निखाऱ्यावर तुरटी टाकली, मुलीवरून मीठ ओवाळलं. तुरटी फुगून वेडीवाकडी झाली, तिच्यात बायकांना एक डोळा दिसला. कोणाचा डोळा, यावर हलक्या आवाजात चर्चा झाली. मी कढई जरा जोरातच आपटली.

ताप उतरला नाही. मग गावच्या दवाखान्यातल्या नर्सला पाहुणी म्हणून बोलावलं, चहाबरोबर बदामाची बिस्किटं पुढे ठेवली, आणि मग सहज बोलता बोलता मुलीला दाखवलं. उघडपणे दवाखान्यात नेलं असतं तर संध्याकाळपर्यंत बातमी खालच्या गावात जाझियाच्या ओट्यावर पोचली असती. नर्सनं घसा बघितला. बाही वर केली, तर दंडावर बारीक लाल ठिपके.

"हे काय?"

"साखरेचा पाक लावून केस काढलेत काल," मब्रूका लगेच म्हणाली. "कातडी नाजूक आहे तिची, पुरळ उठलंय."

कोणालाही पटावं असंच उत्तर होतं. प्रत्येक नवरीच्या हातापायांना पाक लागतो, आणि निम्म्याजणींना पुरळ उठतं. नर्सनं घशाच्या गोळ्या दिल्या, "मुबारक हो" म्हणाली आणि बिस्किटं पुडीत बांधून घेऊन गेली. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. पाकाचं पुरळ खाजतं. माझं खाजलं होतं, रात्रभर खाजवत होते मी. रिहाब मात्र हात तसाच मांडीवर ठेवून बसली होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"खाजतंय का गं?" मी खिडकीतूनच विचारलं.

"नाही," रिहाब म्हणाली.

"हनिया, भट्टी विझेल तुझी," मब्रूका म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक गोष्टीला कारण मिळत गेलं. डोळे लाल झाले, ते काजळानं. जेवण जाईना, ते माहेर सुटणार म्हणून. उठताना तोल गेला, तर बायका म्हणाल्या, नवरीनं धावायचं असतं का? रात्री हातापायांना मेंदीचा लेप लावून कापडी पिशव्या बांधल्या. सकाळी सोडल्या तर तळवे आणि पावलं काळपट लाल, अशी गडद मेंदी आमच्या घराण्यात कोणाचीच रंगली नव्हती. बायकांनी एकमेकींना दाखवली, फोटो काढले. अंगात आग असली की मेंदी अशीच रंगणार, हे मला भट्टीपाशी बसून कळत होतं. आत कोणाला कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

मी भावाला गाठलं. तो मांडवासाठी बांबू मोजत होता.

"तिजानी, पोरीला वर इस्पितळात ने."

"मब्रूका म्हणते दगदग आहे."

"मब्रूका म्हणते! तुला डोळे दिलेत ना अल्लाहनं?"

"हनिया, दोनच दिवस राहिलेत. एकदा लग्न पार पडू दे, मग नेऊ. आता नेलं तर ते लोक म्हणतील, आजारी मुलगी गळ्यात बांधतायत." तो खाली बघून म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझा भाऊ वाईट माणूस नाही. झाडाची साल सोलताना आतल्या गाभ्याला ओरखडा उठू देत नाही. पण बायकांच्या कामात पुरुषानं पडू नये, ही सोय त्यानंही बरीच वर्षं वापरली आहे. मी मग काय केलं? रोट्या भाजल्या. रात्र अशी गेली की दर थोड्या वेळानं उठून मी तिच्या खिडकीशी कान लावत होते. ती श्वास घेतेय, एवढं ऐकू आलं की परत यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याकडची मंडळी कपड्यांची टोपली घेऊन आली. पुढे ढोल आणि सनई, मागे रिबिनी आणि फुलं लावलेली, गाद्या भरलेली लझहरची पिकअप, त्यामागे आणखी गाड्या. बायका आत गेल्या. आमच्याकडे त्या दिवशी नवरीला चौरंगावर उभी करतात. डोळे मिटायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही, दोन्ही तळहात खांद्याशी धरून सगळ्यांना दाखवत हळूहळू फिरायचं. जी जास्त गप्प, जी जास्त हळू, ती जास्त खानदानी.

रिहाब इतकी हळू फिरली की बायका हरखून गेल्या.

"लाज बघा कशी! पापणीसुद्धा हलवत नाही."

"आमची सून बघितली होती ना, चौरंगावर उभी राहून च्युइंगम चघळत होती!"

"आणि रंग बघा मेंदीचा! सासूचा जीव आहे हो हिच्यावर, लल्ला जाझिया!"

जाझिया खुर्चीत ताठ बसली होती. "बघू पुढे," म्हणाली, पण खूष होती. बायकांनी जीभ हलवून आनंदाच्या ललकाऱ्या घातल्या. मी रोट्यांचं ताट घेऊन उंबऱ्याशी उभी होते, बाहेरच्या बाजूला. रिहाब फिरत फिरत दाराकडे तोंड करून आली आणि तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पण मी तिला दिसत होते असं वाटलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "शेळ्या आत घेतल्यास का? पाऊस येतोय."

बायका खो खो हसल्या. सासरी जातेय आणि शेळ्यांची काळजी! जाझियासुद्धा हसली. शेळ्या आम्ही रिहाब शाळेत असतानाच विकल्या होत्या. हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं, मला आणि मब्रूकाला. मी मब्रूकाकडे बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यामागे कोणी नव्हतं.

मी ताट जमिनीवर ठेवलं आणि उंबरा ओलांडला.

"हनिया!" कोणीतरी ओरडलं. मी गेले आणि नवरीचा हात धरला, मेंदीसकट. बाही मागे सारली. मनगटावर जिथं मेंदीची कड संपत होती तिथून ठिपके सुरू होत होते, आणि आता ते बारीक राहिले नव्हते, जांभळे पडले होते. म्हणजे ते मेंदीच्या खालीही असणार होते.

"हिला ताप आहे," मी म्हणाले. "बरेच दिवस आहे. डोक्यात गेलाय आता. हिला इस्पितळात न्यायचंय."

ढोलवाले बाहेर वाजवतच होते.  मब्रूका माझ्या अंगावर धावून आली.

"अवदसे! तुला बघवलं नाही ना? स्वतःचं घर जाळून आलीस, आता माझ्या मुलीचं जाळ! हिच्याच नजरेनं झालंय सगळं!"

"माझ्या नजरेनं झालंय ना? मग मला हाकलून दे, पण आधी पोरीला गाडीत घाल!"

जाझिया उठली. तिला वाट करून देत बायका बाजूला झाल्या. तिनं रिहाबच्या कपाळावर हात ठेवला, मग गालावर, मग मानेवर. रिहाब तिच्याच अंगावर कलली. जाझियानं तिला दंडाला धरून उभं ठेवलं आणि मब्रूकाकडे वळली.

"हे लपवून ठेवलं होतं? माझ्यापासून?"

"लल्ला, थोडी कणकण आहे, उद्यापर्यंत..."

"कणकण? अंडं भाजेल हिच्या कपाळावर! खोटं बोलणाऱ्यांच्या घरातली मुलगी मला नको. हे लग्न होणार नाही, ऐकलं सगळ्यांनी?"

मब्रूका मटकन खाली बसली. ज्याच्यासाठी एवढं झाकपाक केलं तेच झालं होतं.

"लग्न गेलं खड्ड्यात," मी म्हणाले. "लल्ला जाझिया, गाडी द्या."

 ती दाराकडे तोंड करून एवढ्या मोठ्यानं ओरडली की सनई थांबली. "लझहर! कुठं मेलास? किल्ली घेऊन ये! आणि मागच्या गाद्या काढू नकोस!"

म्हणून आम्ही रिहाबला नवऱ्याच्या गाडीतून नेलं. पुढच्या सीटवर आई आणि मुलगी, मागे उघड्यावर गाद्यांच्या ढिगात मी. रिबिनी काढायला वेळ कोणाला होता? डोंगराचा रस्ता, दोन्ही बाजूंना साल काढलेली झाडं, उघड्या लाल बुंध्यांची. समोरून येणारी प्रत्येक गाडी फुलं बघून हॉर्न वाजवी. मागून शहरातल्या पाहुण्यांच्या दोन गाड्या लागल्या, त्यांनी तर आमची वरातच समजून सूर धरला. बायका खिडकीतून हात काढून ललकाऱ्या घालत होत्या. लझहर रडत गाडी हाकत होता, आणि वळणावळणांचा रस्ता, ओव्हरटेक करायला जागा नाही. आणि मब्रूका, तिनं एका हातानं मुलीचं डोकं छातीशी धरलं होतं आणि दुसरा हात खिडकीबाहेर काढून ती त्या लोकांना हसून हलवत होती. सवय इतकी वाईट असते. मी टपावर मूठ आपटून ओरडले, "मब्रूका, हात आत घे!" तेव्हा तिनं हाताकडे बघितलं आणि आत घेतला.

इस्पितळात डॉक्टरीण होती, तरुण, दूर सफाक्स शहराकडची असावी बोलण्यावरून. तिनं पोट बघितलं, पाठ बघितली. मग तळहात उताणे केले, तळपाय बघितले आणि सुस्कारा टाकला.

"इथंच मला बघायचं होतं, आणि मेंदीमुळे इथंच डाग दिसत नाहीयेत. अंगावर कुठं काळी खपली आहे का? भाजल्यासारखी?"

"नाही," मब्रूका म्हणाली.

"केस सोडा."

नवरीचे केस सोडणं म्हणजे काय विचारता! पिना, फवारा, खोटे मोती. मी एकेक पिन उपटत गेले. मब्रूका बाजूला उभी राहून ओठ चावत होती. डाव्या कानामागे, केसांच्या मुळाशी ती होती. काळी, मसुराच्या दाण्याएवढी, भोवती लाल कडं.

"हा पार्लरच्या चिमट्याचा चटका आहे," मब्रूका म्हणाली, आणि मग आवाज खाली गेला तिचा. "म्हणजे मला तसं वाटलं. वाईट दिसत होतं म्हणून मी वरून केस आणून झाकलं."

"चटका नाही हा. गोचीड चावल्याची खूण आहे. घरी कुत्रा आहे? जंगलात जाणं होतं?"

"जंगलातच राहतो आम्ही, डॉक्टरीणबाई," मी म्हणाले. "कुत्राही आहे. पाहुणे येणार म्हणून रिहाबनंच त्याच्या कानातल्या गोचिडी वेचल्या, घरात बसायच्या आधी."

"आणि चिरडल्या? नखानं?"

"मग काय पाहुणचार करायचा त्यांचा?"

ती हसली नाही. म्हणाली, या उन्हाळ्यात जंगलातून अशी बरीच माणसं येतायत. अंगावर डाग येणारा ताप आहे, गोचिडीतून माणसात येतो. औषध आहे, साधं आणि स्वस्त आहे, पण लवकर द्यावं लागतं. घशाच्या गोळ्यांनी याला काही होत नाही. "आता सुरू करते. मूत्रपिंडं किती दमलीत ते रक्त तपासल्यावर कळेल. वचन नाही देता येणार." तिनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "सुरुवातीलाच का नाही आणलंत?"

 उत्तर आम्हा दोघींकडे होतं, पण ते त्या पांढऱ्या खोलीत मोठ्यानं बोलायची लाज वाटत होती.

मग बाकावर बसून राहणं सुरू झालं. आत रिहाब बडबडत होती, मधेच गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की आम्ही दोघी दाराशी कान लावायचो. नर्स घाईनं आत गेली की आम्ही उठायचो, बाहेर येऊन ती चहा प्यायला गेली की बसायचो. तिजानी आला, भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला बसही म्हणवलं नाही माझ्यानं.  मब्रूका माझ्याशी बोलली तेव्हा हे बोलली:

"तू आधीच का नाही ओरडलीस तशी?"

 अशी चीड आली मला!

"मी? मी पहिल्या सकाळी आले होते तुझ्याकडे! तू दार लावलंस! तुरटीत माझा डोळा शोधत बसलात सगळ्या!"

"तेव्हा तू फक्त सांगितलंस," मब्रूका म्हणाली. "ओरडायला हवं होतंस. मी ऐकत नव्हते हे दिसत नव्हतं का तुला?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती इतकी रडली की माझी सगळी ओढणी भिजली. माझा राग गेला नाही. पण खांदाही मी काढला नाही.

जाझिया सुपाचं पातेलं फडक्यात बांधून घेऊन आली. माझ्यापुढे आदळलं. "काही ठरलेलं नाहीये," म्हणाली. "सूप आणलंय, एवढंच." आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकेपर्यंत बसून राहिली.

ताप कधी उतरला ते आम्हाला कळलंच नाही. सकाळी डॉक्टरीण बाहेर आली, भेटा म्हणाली, पण दमवू नका. लघवी नीट होऊ लागलीय, मूत्रपिंडं तगतायत.  मी मब्रूकाला धरून आत नेलं.

रिहाब उशीवर इतकी लहान दिसत होती. ओठ फुटलेले, गालांवर काजळाचे ओघळ तसेच. तिनं आम्हाला ओळखलं. पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं आणि मग माझ्यानं राहवलं नाही.

"एवढं होत होतं तर बोलली का नाहीस गं पोरी? आईला नाही तर नाही, मला तरी?"



"मला वाटलं, असंच असतं."

"काय असंच असतं?"

"लग्न." तिचा आवाज अगदी बारीक होता. "सगळ्या सांगत होत्या ना. नवरीला भूक लागत नाही, झोप येत नाही, अंग मोडून येतं, रडू येतं. सगळ्यांना होतं, सगळ्या सोसतात. मला वाटलं ते हेच." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "तुलाही झालं होतं ना, आत्या?"

मला नाही म्हणायचं होतं. माझ्या लग्नात मला ताप नव्हता, गोचीड चावली नव्हती. बाकी सगळं झालं होतं.

"झालं होतं," मी म्हणाले. "मीही गप्प बसले होते."

मब्रूका खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "मीही," ती म्हणाली, इतक्या हळू की मी वळून बघितलं. मग तिनं ओढणीच्या पदरानं डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि मुलीच्या अगदी तोंडाशी कान नेऊन बसली.

"आता सांग," ती म्हणाली. "कुठं दुखतंय? सगळं सांग. काही ठेवू नकोस."

 रिहाब डोक्यापासून सांगू लागली, आणि आम्ही तिला मधे थांबवलं नाही.